शिकाऊ मोटर

"होडीत माणसं किती?" दुकानाच्या मालकिणीनं, तरन्नुमनं विचारलं.

"एक," पोपट म्हणाला.

हौसा त्याच्या शेजारच्याच खुर्चीवर बसली होती. मांडीवर पिशवी, पिशवीत दोघांची भाकरी. तिनं मान वळवून नवऱ्याकडं पाहिलं. पोपट समोरच्या भिंतीवर टांगलेल्या मोटरींकडं बघत होता, अगदी मन लावून. सव्वीस वर्षं ज्या होडीत दोघं बसली, तिच्यात आता माणूस एक. किती सहज म्हणाला मेला! उठावं आणि सरळ एस.टी. धरावी असं तिला वाटलं. पण उठली नाही. हा एकटा मोटर घ्यायला आला असता, तर दुकानदारानं गळ्यात मिक्सर बांधला असता तरी हसत घेऊन गेला असता.

दोघं पळसगव्हाणची. धरणामागं भीमेचं पाणी जे पसरलंय, त्याच्या काठचं हे गाव. पूर्वी काठापासून हाकेच्या अंतरावर मासा मिळायचा. मग जवळच्या पाण्यावर तरंगत्या सौर पट्ट्यांचं शेत आलं, त्याभोवती कुंपण आलं, आणि मासा आपला पलीकडं सरकला. माशामागं माणसाला सरकणं भागच. तेवढ्या लांब वल्हवत जायचं तर परत येईस्तोवर हात गळून पडणार. पाणी पिण्याचं, म्हणून तेलाच्या इंजिनांना बंदी. राहिली ती बिजलीवर चालणारी छोटी मोटर. दुकानात तिला ट्रोलिंग मोटर म्हणत, धक्क्यावर सगळे नुसतं 'पंखा' म्हणत. होडीच्या मागच्या कडेला अडकवायची, दांड्याच्या टोकाला पाण्यात पंखा. आवाज घरातल्या फ्रिजएवढासुद्धा नाही, त्यामुळं मासा बुजत नाही.

धक्क्यावरच्या निम्म्या होड्यांना पंखा लागला होता. आणि ज्या होडीला पंखा लागला, तिच्यातली बाई काठावर उतरली होती. कारण इथली रीतच अशी, की नवरा पुढं उभा राहून जाळं फेकणार आणि बायको मागं बसून वल्हवणार. वल्हंच गेलं, तर बाईचं होडीत काय काम? तिनं काठावर बसावं, मासे निवडावेत, खवले काढावेत.

हौसाला उतरायचं नव्हतं. पण हे म्हणणार कुणाला? खांदा तिचाच दुखत होता. "तुझ्या खांद्यासाठीच तर घेतोय," असं पोपट दहांदा म्हणाला होता, आणि ते खोटंही नव्हतं. त्यामुळं धड भांडताही येत नव्हतं.

तरन्नुम शिकलगार वयानं पोरसवदा, पण कामाला चोख. तिचा आजा गावोगाव फिरून सुऱ्या-कात्र्यांना धार लावायचा, तिनं डिप्लोमा करून तालुक्याच्या गावात मोटरींचं दुकान टाकलं होतं. ती म्हणाली, "होडी, माणूस, मासा, बॅटरी, सगळं वजन धरायचं. दर शंभर किलोमागं दोन किलोचा रेटा बास होतो."

"दोनच किलो?" हौसाच्या तोंडून निघून गेलं. "मग मी जीव काढून काय करत हुते?"

"वारा नसला तर होडी बोटानं ढकलली तरी सरकते की, काकू. जीव निघतो तो वाऱ्याशी भांडताना. म्हणून रेटा दुपटीनं घ्यायचा."

मग बॅटऱ्या आल्या. शिशाची स्वस्त, पण आत भरलेल्यातली निम्मीच बिजली वापरायची. त्याखाली उतरवत गेलं की बॅटरी लवकर मरते. लिथियमची जवळजवळ सगळी वापरता येते, वजनही शिशाच्या निम्म्याहून कमी, पण किंमत ऐकून पोपटनं हात मागं घेतला. तिसरी सोडियमची, अलीकडं निघालेली. तरन्नुम म्हणाली, हा मिठातलाच सोडियम. लिथियमपेक्षा थोडी जड आणि बरीच स्वस्त, आणि उन्हानं तापली तरी कुरकुर करत नाही. हौसानं तिन्ही बॅटऱ्या एकेक करून उचलून बघितल्या. पत्र्याची होडी चैत्रात तव्यासारखी तापते हे तिला माहीत होतं, आणि धक्क्यापासून होडीपर्यंतचा चिखलही माहीत होता.

"ही घ्या," ती सोडियमच्या बॅटरीवर हात ठेवून म्हणाली. "ह्यांना झेपंल."

राहिली मोटर. ती दोन तऱ्हेची होती, हुकमी आणि शिकाऊ.

"हुकमीच दे," पोपट लगेच म्हणाला. "आपल्या हुकमात राहील ते बरं."

"हुकूम कशानं द्यायचा?" हौसानं विचारलं.

"पायानं. ही पट्टी पायाखाली ठेवायची. इकडं दाबली की उजवीकडं, तिकडं दाबली की डावीकडं," तरन्नुमनं दाखवलं.

फेकजाळं टाकताना पोपट कसा उभा असतो ते हौसाइतकं कुणाला ठाऊक? जाळ्याची दोरी मनगटाला बांधलेली, एक कड दातांत, दोन्ही हात भरलेले, आणि सगळं अंग या पायावरून त्या पायावर झोकलेलं. त्यात पट्टी कुठल्या पायानं दाबायची? गेल्या साली तिचा चुलतदीर असाच चुकीच्या वेळी पट्टीवर पाय देऊन जाळ्यासकट पाण्यात गेला होता. शेजारच्या होडीनं ओढून काढला म्हणून वाचला. तेव्हापासून तो पाण्याकडं पाठ करून बसतो.

"आन् ती दुसरी?"

"तिला पट्टी नाही, काही नाही. ती बघून शिकते. वल्ह्यांना दोन पट्टे चढवायचे, हात कुठं किती जोर लावतो ते त्यांना कळतं. मोटरीला वारा कळतो, पाण्याची खोली कळते, ऊब कळते, होडीचा पत्रा किती थरथरतो ते कळतं. होडीत बोललेलं ऐकूही येतं. पंधरा-वीस दिवस ती नुसती बघणार. असा वारा असताना हातानं असं केलं, असं पाणी लागलं तेव्हा तसं केलं. ज्या गोष्टीमुळं हात हलतो ती ध्यानात ठेवायची, जिच्यामुळं हलत नाही ती सोडून द्यायची, एवढंच तिचं डोकं. मग ती त्या हातासारखी चालते."

"कुणाच्या हातासारखी?"

"आता वल्हवतं कोण?"

पोपट खाकरला. "ही."

"मग काकूंच्या."

हुकमी घेतली तर नवऱ्याच्या जिवाचं काही खरं नव्हतं. शिकाऊ घेतली तर आपल्याच हातानं आपली जागा उठवून द्यायची होती. हौसानं पदरानं कपाळ पुसलं.

"शिकाऊच द्या," ती म्हणाली.

काठावरच्या बायकांना तेवढंच पुरलं. "काय गं हौसे, सवत आणलीस म्हनं? आन् वर तिला नांदायलाबी तूच शिकवायलीस?"

"आणली तर आणली. तुझ्या नवऱ्यानं आणायच्या आत आणली," हौसानं फटकारलं. बायका हसल्या, तीही हसली. पण होडीत बसली की तिच्या पाठीला मुंग्या यायच्या. मागं मोटर अडकवलेली, पंखा वर उचललेला, तिच्यावर एक हिरवा दिवा. दिवा लागलेला असला की समजायचं, ती बघतेय.

बघतेय, याचीच हौसाला धास्ती होती. कारण तिनं उभ्या जन्मात कुणाला न सांगितलेली एक गोष्ट होती.

पळसगव्हाणच्या धक्क्यावर पोपटचं मोठं नाव. बाकीचे रिकामे परतले तरी पोपटची टोपली भरलेली. पोरं म्हणायची, पोपटनानांना पाण्याच्या आतलं दिसतं. पोपटही पुढं उभा राहून सेनापतीच्या थाटात सांगायचा, "उजवीकडं घे. हां, त्या खोडाच्या अंगाला." हौसा म्हणायची, "व्हय." होडीचं तोंड थोडं उजवीकडं करायची. आणि पोपटचे डोळे जाळ्याच्या घड्यांत गुंतले, की होडी हळूच दुसरीकडं न्यायची.

तिला कळायचं कसं? वल्ह्यावरून ओघळून हाताला लागणाऱ्या पाण्यावरून. रात्रभर वारा ज्या काठाकडं वाहतो, त्या काठाला तो वरचं कोमट पाणी ढकलून नेतो, आणि चिलापी मासा उबेचा लोभी. माशांचा मोठा थवा खालून गेला की अनवाणी तळव्यांना पत्रा बारीक थरथरल्यासारखा लागतो. हे कुणी तिला शिकवलं नव्हतं. दोन-चार वर्षांत हाताला आपसूक आलं. पहिल्यांदा सांगायला गेली तेव्हा पोपट म्हणाला होता, "तू वल्हं मार." मग तिनं वल्हंच मारलं.

आता हे यंत्र सगळं टिपून घेत होतं.

एके दिवशी तिनं ठरवलं, आज वाईट वल्हवायचं. शिकू दे मेलीला उलटंसुलटं, मग बसा बोंबलत. पोपट म्हणाला, "डावीकडं," आणि तिनं खरोखर डावीकडं वल्हं मारलं. हाताला गार पाणी लागलं. या पाण्यात कुत्रंसुद्धा जाळं टाकणार नाही! चार हात गेली असेल नसेल, तिचं मनगट आपोआप वळलं आणि होडी उबेकडं निघाली. तिनं परत फिरवायचा प्रयत्न केला. हात ऐकेनात. पोपटनं जाळं फेकलं. हवेत ते पुरतं गोल उमललं आणि पाण्यावर पडलं, आणि ओढताना जड लागलं. पोपट मागं वळून हसला. हौसाला रडू आलं ते तिनं खांद्याच्या दुखण्यावर ढकललं.

वीस दिवस झाले. वल्ही घरी आली आणि पंखा पाण्यात उतरला. पण हौसा उतरली आणि होडीची मागची बाजू वर उचलली गेली. नवी बॅटरी हलकी. पंखा अर्धा पाण्याबाहेर येऊन नुसतीच हवा कापायला लागला. पोपटनं इकडंतिकडं बघितलं. मग एका पोत्यात वाळू भरली, तोंड सुतळीनं शिवलं आणि पोतं होडीत ठेवलं. नेमकं हौसाच्या फळीवर.

"आता बसली बघ बराबर," तो खूश होऊन म्हणाला.

हौसा काठावर उभी होती. सव्वीस वर्षं! आणि तिच्या जागी वाळूचं पोतं! होडी आवाज न करता निघून गेली, पोपट पुढं, पोतं मागं.

त्या दिवसापासून तिचं कशात लक्ष लागेना. मासे निवडताना काटे टोचायचे. घरी जावं तर घर खायला उठायचं, परत धक्क्यावर यावं तर बायकांच्या गप्पा नकोशा व्हायच्या. दर थोड्या वेळानं उठून ती पाण्याच्या कडेला जायची आणि ओंजळ बुडवून बघायची. रात्री वारा पूर्वेकडं वाहत होता, म्हणजे मासा पूर्वेच्या वाडीच्या अंगाला. कुणाला सांगायचं?

पोपट परत आला की टोपली भरलेली असायची. पण त्याचं तोंड उतरलेलं.

"काय झालं वो? मासा तर लई हाय."

"मासा हाय," पोपट म्हणायचा. "पण ती मोटर ऐकत न्हाई."

एकटा असल्यामुळं आता त्याला गप्पा मारायला कुणी नव्हतं, म्हणून तो काठावरच्या खुणा बघत बसायचा, आणि बघता बघता त्याच्या लक्षात आलं होतं. "थांब म्हनलं की थांबते. चल म्हनलं की चालते. पण उजवीकडं म्हनलं की डावीकडं जाती, डावीकडं म्हनलं की आन् कुठं! मालक कोण, मी का ती?"

हौसा चुलीकडं तोंड करून बसली.

चौथ्या दिवशी पोपटनं मोटरीची शिकलेली चाल बंद करून मोटरीचा दांडा स्वतःच्या हातात घेतला. त्याला हवं तिथं गेला, होडी उभी केली, पुढं येऊन जाळं टाकलं. दिवसभर टाकलं. संध्याकाळी टोपलीत कालवणापुरतेही मासे नव्हते. धक्क्यावर कुणीतरी विचारलं, "नाना, आज डोळे घरी विसरला काय?" पोपटनं त्याला आईमाईवरून शिव्या दिल्या आणि तरन्नुमला फोन लावला.

ती दुसऱ्या दिवशी आली. चिखलात सलवार वर धरून होडीत चढली, मोटरीला आपली पडद्याची पाटी जोडली आणि वाचत बसली. मग एकदा हौसाकडं बघितलं.

"काका, मोटर बिघडलेली नाही."

"मग ऐकत का न्हाई?"

"मी म्हटलं होतं ना, हात ज्यामुळं हलतो तेवढंच ती ध्यानात ठेवते. कशाला किती मोल दिलंय ते इथं दिसतं. पाण्याची ऊब, सगळ्यांत जास्त. मग वारा. मग पत्र्याचा थरथराट. 'थांब' आणि 'चल' या शब्दांनाही चांगलं मोल आहे." ती अडखळली. "उजवं, डावं, पुढं, खोडाकडं, असले तुमचे दिशेचे शब्द... त्यांना शून्य."

"शून्य म्हंजे?"

"म्हणजे तुम्ही ते बोललात काय आणि न बोललात काय, काकूंचा हात जिकडं जायचा तिकडंच गेला. दर वेळी सुरुवातीला छोटी वळणं आहेत तुमच्या बाजूची. पण ती कुठंच पोचत नव्हती, म्हणून मोटरीनं हाताची चूक समजून गाळून टाकली."

पोपट होडीच्या कडेवर बसला. त्याचा चेहरा बघवेना.

"कवापासनं, हौसे?"

"लगीन झाल्यावर चार-दोन वर्सांनी," ती म्हणाली. खोटं बोलायची ही वेळ नव्हती. "आधी मलाबी कळत नव्हतं."

"म्हंजे धक्का मला मानतो ते..."

"जाळं तुमीच टाकत हुता," ती कळवळून म्हणाली. "तुमच्यासारकं गोल जाळं कुणाचं पडत न्हाई. नुसत्या वल्ह्यानं मासा होडीत येतो व्हय?"

तरन्नुमला तिथं थांबावं की जावं कळेना. ती हळूच म्हणाली, "हवं तर शिकलेलं सगळं पुसून टाकता येतं. मग ती तुमच्या शब्दावर चालेल. आणि तसंही, तिला या वीस दिवसांपुरतंच कळलंय. पावसाळ्यात वारा फिरला की परत शिकवावी लागेल. पुसू?"

"पुसा," हौसा म्हणाली.

म्हणाली आणि तिलाच स्वतःची लाज वाटली. नवऱ्याचा मान राखायला आपण पुसा म्हणालो, असं सांगता आलं असतं. पण आत खरं काय होतं ते तिला ठाऊक होतं. पुसली की हा रिकामा येणार. रिकामा आला की मला परत बोलावणार. परत मागं बसायचं, व्हय म्हणायचं, आणि हळूच वल्हं फिरवायचं.

"नगं," पोपट म्हणाला. "ऱ्हाऊ द्या हाय तशी."

संपलं, हौसाला वाटलं. हात ठेवून घेतला आणि बाई सोडली. मोटर चांगली होती, नवरा सुखरूप होता, टोपली भरणार होती. सगळं तिनंच निवडलेलं. तक्रार कुणाकडं करायची? ती उठली आणि मागं न बघता घरी गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोपट चहा न घेता गेला. हौसानं ठरवलं होतं, आज धक्क्यावर जायचंच नाही. भांडी घासली, परत घासली, अंगण झाडलं. मग चपला न घालता निघालीच.

धक्क्याच्या चिखलात वाळूचा ढीग पडला होता. शेजारी रिकामं पोतं, सुतळी कापलेली. पोपट गुडघाभर पाण्यात होडी धरून उभा होता आणि होडीची मागची बाजू पुन्हा वर उचललेली होती.

"चल," तो म्हणाला.

"मी न्हाई यायची. वजनाला बसायला मी काय पोतं हाय?"

"वजनाला पोतं हुतंच की," पोपट म्हणाला. "ते कशाला वतलं असतं मग?"

हौसा पाण्यात शिरली आणि सवयीनं मागच्या फळीकडं गेली. पण पोपट तिच्या आधी चढला आणि तिच्या फळीवर बसला. मोटरीचा दांडा हातात घेतला. "तू म्होरं बस."

"म्होरं?"

"कानबी गेलं का खांद्याबरूबर? म्होरं बस म्हनलं!"

ती पुढं जाऊन बसली. सव्वीस वर्षांत तिनं होडीतून नवऱ्याची पाठच बघितली होती. समोरचं मोकळं पाणी असं कधी बघितलंच नव्हतं. मागं पंखा सुरू झाला. सौर पट्ट्यांचं कुंपण मागं पडलं. बऱ्याच वेळानं होडी मंद झाली. तिनं वळून बघितलं. मोटरीवरचा हिरवा दिवा लागला होता.

"दिवा कशापायी लावला?"

"बघू दे तिला. शिकंल परत, नव्यानं." पोपट खाली बघत होता. कानाच्या पाळ्या लाल झालेल्या. मग घसा साफ करून त्यानं विचारलं, "कुठं घेऊ?"

हौसानं हात पाण्यात घातला. कोपरापर्यंत बुडवला. ऊब कुठल्या अंगाला आहे ते तिला कळलं, पण जीभ उचलेना. आजवर हे तिनं तोंडानं कधी म्हटलंच नव्हतं. आणि हा इतक्या वर्षांचं उट्टं काढायचं म्हणून दुसरीकडंच घेऊन गेला तर?

"उजवीकडं," ती म्हणाली.

"व्हय," पोपट म्हणाला.

ती काठावरच्या बाभळीकडं बघत राहिली. बाभूळ हळूहळू डाव्या हाताला सरकली. होडी उजवीकडंच चालली होती.